गार्लिक ब्रेड मधोमध चिकट राहतो: तक्रार एकच, कारणे वेगवेगळी

पाहुण्यांसाठी घरी भाजलेला, पिठाचे छोटे उंडे टिनमध्ये रचून केलेला आणि तुकडे ओढून वाटून खाण्याचा गार्लिक ब्रेड वरून देखणा दिसतो, मात्र मधला तुकडा ओढला की तो बोटांना आणि दातांना चिकटतो. ही तक्रार मी स्वतःच्या स्वयंपाकघरात अनेकदा अनुभवली आहे आणि आमच्या भिशीतल्या मैत्रिणींकडून त्याहून अधिक वेळा ऐकली आहे. तिच्यावरचा सल्लाही बहुतेक वेळा एकच असतो, तो म्हणजे आणखी दहा मिनिटे भाजा. हा सल्ला काही वेळा लागू पडतो आणि पुष्कळ वेळा ब्रेड अधिकच बिघडवतो, कारण ‘मध्ये कच्चा राहिला’ या एकाच शब्दप्रयोगाखाली आपण निदान तीन निराळे दोष एकत्र बांधतो. ते वेगळे कसे ओळखावेत आणि सोलापूरच्या हवेत त्यांवर काय करावे, एवढ्यापुरतेच हे लेखन आहे.

मला ही समज उशिरा आली. आम्ही विजापूर रोडला सर्वांत वरच्या मजल्यावर राहतो. एका एप्रिल महिन्यात भिशी आमच्या घरी होती, गच्चीवर चौदा जणी जमणार होत्या, आणि मी मोठ्या टिनमध्ये भरून ब्रेड भाजला होता. तो वरून फिकट, मधे खचलेला आणि तळाशी रबरासारखा निघाला. मी दोष ओव्हनला दिला आणि पुढच्या वेळी तापमान वाढवले. मग डिसेंबरमध्ये हुरड्याला पाहुणे आले असता तोच ब्रेड वरून तपकिरीच्या पलीकडे गेला आणि पोटात पांढरे, ओले पीठ तसेच राहिले. दोन्ही वेळा घरच्यांनी ‘कच्चा आहे’ एवढेच म्हटले आणि मीही तेच मानले. वास्तविक पहिला ब्रेड कच्चा नव्हताच. तो आंबून गेला होता. ज्याला कमी आंबवायला हवे होते त्याला मी जास्त भाजत होते, आणि ज्याला आणखी वेळ फुगू द्यायला हवे होते त्याला जास्त आच देत होते.

आधी मधला उंडा आडवा मोडून पाहावा

ब्रेड बिघडला असे वाटले की तो टाकून देण्यापूर्वी अगदी मधला एक उंडा काढावा, पाच मिनिटे ताटलीत ठेवावा आणि मग हातांनी आडवा मोडावा. चिकटपणा नेमका कोठे आहे, हे येथे पाहायचे असते. उंड्याच्या पोटात पिठूळ, ओलसर गाठ असेल, कडेचे उंडे मात्र व्यवस्थित भाजलेले असतील, तर तो खरोखर कच्चा आहे. कडेचे आणि मधले सगळेच उंडे सारखेच चिवट असतील, तळाशी दाट पट्टा दिसत असेल, वरचा रंग फिकट असेल आणि वासात ताकासारखा किंवा दारूसारखा आंबटपणा असेल, तर पीठ गरजेपेक्षा जास्त आंबले आहे. उंड्याचे पोट छान जाळीदार असेल आणि चिकटपणा केवळ दोन उंडे एकमेकांना टेकतात त्या पृष्ठभागावर असेल, तर दोष बटरचा आहे. या तिन्हींत वरच्या रंगाची साक्ष सर्वांत भरवशाची असते. जास्त आंबलेल्या पिठातली साखर यीस्टने आधीच संपवलेली असते, त्यामुळे त्याला रंग चढत नाही. कच्च्या ब्रेडचे वरचे कवच बहुधा आधीच गडद झालेले असते.

यापुढे जायचे तर एक साधन घरात असावे असे मी आग्रहाने सांगेन, आणि ते म्हणजे टोचून पाहायचा डिजिटल तापमापक. तो काही शे रुपयांत मिळतो. दूध, बटर आणि साखर घातलेल्या या प्रकारच्या ब्रेडच्या मध्यभागी ९० ते ९३ अंश सेल्सिअस तापमान आले की तो भाजला गेला असे खुशाल समजावे. सुरी घालून पाहण्याची केकची पद्धत येथे फसवी ठरते, कारण बटर आणि चीज यांमुळे सुरी ओलीच बाहेर येते आणि माणूस भाजलेला ब्रेडही पुन्हा आत ढकलतो. मध्यभागी ९४ अंश भरूनही ब्रेड चिकट लागत असेल, तर तो कितीही भाजला तरी सुधारणार नाही आणि दोष ओव्हनच्या अलीकडे शोधावा लागेल.

आणखी एक साधी शक्यता याच ठिकाणी निकालात काढावी. ओव्हनमधून काढताच ओढलेला कोणताही ब्रेड थोडा ओशट आणि चिकटच लागतो, कारण आतल्या स्टार्चला घट्ट बसायला आणि वाफ बाहेर पडायला वेळ मिळालेला नसतो. गार्लिक ब्रेड गरम खायचा असतो हे खरे असले तरी दहा ते पंधरा मिनिटे थांबूनही तो पुरेसा गरम राहतो. पाहुणे टेबलाशी येऊन बसले आहेत म्हणून घाई केल्याने निम्म्या तक्रारी उद्भवतात, असे माझे निरीक्षण आहे.

उन्हाळ्यातला दोष

सोलापुरात एप्रिल आणि मे महिन्यांत दुपारचा पारा सहज ४० ते ४३ अंशांवर असतो आणि वरच्या मजल्यावरचे स्वयंपाकघर चारच्या सुमारास ३८–३९ अंशांच्या खाली येत नाही. पाककृतींत मात्र ‘पीठ उबदार जागी तासभर ठेवावे’ असे लिहिलेले असते. हे वाक्य ज्या हवेसाठी लिहिले गेले ती हवा आपली नव्हे. यीस्टला पिठाचे तापमान २४ ते २७ अंशांच्या दरम्यान असले की चव आणि फुगणे यांचा मेळ बसतो, आणि त्यापुढे तापमान साधारण ८ ते १० अंशांनी वाढले की यीस्टचा वेग जवळपास दुप्पट होतो. पीठ ३६ अंशांवर असेल, तर पाककृतीतले नव्वद मिनिटांचे काम पाऊण तासात उरकते. घड्याळ पाहत बसलेल्या माणसाला ते कळत नाही, आणि पीठ दुप्पट होऊन, तिप्पट होऊन स्वतःच्या वजनाने बसू लागते. अशा पिठाच्या बुडबुड्यांच्या भिंती पातळ आणि दुबळ्या होतात. ओव्हनमध्ये गेल्यावर त्यांना वर उचलून धरणारे काही राहत नाही, आणि कोसळलेल्या बुडबुड्यांचा तळाशी जो दाट थर बसतो त्यालाच आपण कच्चेपणा म्हणतो.

त्या एप्रिलनंतर मी पहिल्यांदा मळलेल्या पिठात तापमापक खुपसला, तेव्हा आकडा ३६ दिसला, आणि मळून नुकतीच पाच मिनिटे झाली होती. कारण शोधायला फार लांब जावे लागले नाही. मैदा स्वयंपाकघरातल्या डब्यात होता, त्यामुळे तो खोलीइतकाच तापलेला होता. पाणी मी नळाचे घेतले होते, आणि ते गच्चीवरच्या टाकीतून येत असल्याने दुपारी हाताला चांगले गरम लागत होते. त्यात दूध ‘कोमट करून’ घातले होते, कारण तसे लिहिले होते.

बेकरीवाले पाण्याचे तापमान ठरवण्यासाठी एक सोपा हिशेब करतात आणि तो घरीही उपयोगी पडतो. पिठाचे जे तापमान हवे त्याची तिप्पट करावी आणि त्यातून मैद्याचे तापमान, खोलीचे तापमान आणि मळताना घर्षणाने वाढणारे अंश वजा करावेत. उरेल ते पाण्याचे तापमान. हाताने मळताना घर्षणाचे ३ अंश धरावेत, यंत्राने मळताना १२ च्या आसपास धरावेत. आता मे महिन्याचा हिशेब पाहावा. २६ अंशांचे पीठ हवे असेल तर तिप्पट ७८. मैदा ३७, खोली ३९ आणि घर्षण ३ मिळून ७९. म्हणजे पाणी उणे १ अंशाचे हवे, आणि तसे पाणी मिळत नाही. पाककृती प्रामाणिकपणे पाळूनही आपल्याकडे उन्हाळ्यात ब्रेड का बिघडतो, याचे याहून स्पष्ट उत्तर मला अद्याप सापडलेले नाही.

बर्फाचे पाणी वापरून हे काही अंशी साधते, परंतु मला त्याहून सोपा उपाय मानवला. मैदा मोजून आदल्या रात्री हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावा. सकाळी तो ८ अंशांच्या आसपास असतो, आणि मग हिशेब ७८ वजा ८, ३९ आणि ३, म्हणजे पाणी २८ अंशांचे. माठातले पाणी याच्या जवळपास असते, थोडे अधिक गार असले तरी बिघडत नाही. दूध घालायचे असल्यास तेही फ्रिजमधलेच घ्यावे आणि पाण्याच्या मापात धरावे. यंत्राने मळणाऱ्यांना मात्र १९ अंशांचे पाणी लागेल, तेव्हा माठाच्या पाण्यात थोडे फ्रिजचे पाणी मिसळावे.

यीस्टही उन्हाळ्यात कमी करावे. ५०० ग्रॅम मैद्याला थंडीत मी ५ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट घेते, तर एप्रिल–मेमध्ये ३ ग्रॅम घेते. चमच्याच्या मापाने एवढा फरक पकडता येत नाही, म्हणून छोटा वजनकाटा वापरावा. फुगलेले पीठ ओळखण्यासाठी घड्याळावर विसंबू नये. मळून झालेल्या पिठातला लिंबाएवढा गोळा सरळ उभ्या काचेच्या पेल्यात दाबून बसवावा, त्याच्या उंचीवर रबर लावावे आणि पेला मोठ्या भांड्याशेजारीच ठेवावा. पसरट पातेल्यात पीठ दुप्पट झाले की नाही हे नजरेला कळत नाही, पेल्यात ते स्पष्ट दिसते. उन्हाळ्यात दुपटीची वाट न पाहता पेल्यातले पीठ दीडपट ते पावणेदोनपट झाले की उंडे वळायला घ्यावेत, कारण वळता वळताही ते फुगतच राहते. पहिला उंडा आणि तिसावा उंडा यांच्यात वीस मिनिटांचे अंतर पडते, आणि ३९ अंशांच्या खोलीत वीस मिनिटे ही लहान मुदत नव्हे.

पाहुण्यांच्या दिवशी ही सगळी धावपळ नको असेल, तर पीठ आदल्या रात्री दहाच्या सुमारास मळून फ्रिजमध्ये ठेवणे मला सर्वांत भरवशाचे वाटते. यात एक खाचखळगा आहे. मोठा गोळा तसाच पातेल्यात ठेवला, तर त्याचा मध्य गार व्हायला काही तास लागतात आणि तोवर तो आतून फुगून आंबट होतो. म्हणून पीठ तेल लावलेल्या थाळीत दोन बोटे जाडीचे पसरावे, वरून झाकावे, आणि मग ठेवावे. दुसऱ्या दिवशी चारच्या सुमारास काढले की ते गार, घट्ट आणि वळायला अतिशय सोयीचे असते, शिवाय चवही उजवी येते.

थंडीतला दोष

डिसेंबर आणि जानेवारीत, हुरड्याच्या दिवसांत किंवा सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला पाहुणे येतात तेव्हा, याच्या उलट घडते. सकाळी लवकर पीठ मळले तर खोली गार, मैदा गार, आणि सवयीने पाणीही गार. वरचाच हिशेब खोली २२ आणि मैदा २१ धरून केला तर पाणी ३२ अंशांचे, म्हणजे हाताला किंचित कोमट लागेल असे हवे. ते न घेतल्यास पीठ तासाभरात अर्धवटच फुगते, पाहुण्यांची वेळ जवळ येते आणि आपण तसेच उंडे वळून टिनमध्ये भरतो. कमी फुगलेले पीठ दाट असते, त्याच्या मध्यापर्यंत उष्णता पोहोचायला वेळ लागतो, आणि त्यातली साखर शिल्लक असल्याने वरचा रंग मात्र झपाट्याने चढतो. वरून काळपट आणि आतून पांढरे पीठ, असा जो ब्रेड माझ्या वाट्याला आला होता, त्याचे मूळ हेच होते.

उपाय म्हणजे थांबणे. टिनमध्ये भरलेल्या उंड्यावर मैदा लावलेले बोट हलके दाबावे. खड्डा लगेच भरून आला तर आणखी वेळ द्यावा, सावकाश आणि अर्धवट भरून आला तर भाजायला घ्यावे, आणि खड्डा तसाच राहिला तर वेळ टळून गेली आहे असे समजून तो ब्रेड लगोलग ओव्हनमध्ये घालावा. यीस्ट जुने असल्यासही असेच घडते. पाकीट उघडल्यावर ते हवाबंद बरणीत फ्रिजमध्ये ठेवावे, कारण आपल्या उन्हाळ्यात बाहेर राहिलेले यीस्ट थंडी येईपर्यंत निम्मे मेलेले असते. शंका असल्यास अर्धी वाटी कोमट पाण्यात चिमूटभर साखर आणि चमचाभर यीस्ट घालावे, आणि दहा मिनिटांत फेस न आल्यास ते वापरू नये.

टिन, ओव्हन आणि मधली वाटी

खऱ्या कच्चेपणाचे दुसरे कारण ब्रेडच्या आकारात असते. आपल्या ओळखीचा लादी पाव हाही ओढून तोडण्याचाच ब्रेड आहे, पण तो पसरट ट्रेमध्ये एकाच थरात असतो आणि भट्टीची तापलेली फरशी त्याला खालूनही भरपूर आच देते. घरी आपण मात्र दिखाव्यासाठी उंच टिन घेतो, उंड्यांचे दोन-तीन थर रचतो आणि प्रत्येक थरात बटर व चीज भरतो. अशा ढिगाच्या मध्यावरच्या उंड्याला कोणत्याही बाजूने थेट आच मिळत नाही.

म्हणून ५०० ग्रॅम मैद्याचे पीठ एका मोठ्या टिनमध्ये न भरता २० सेंटिमीटरच्या दोन गोल टिनमध्ये विभागावे, साधारण ३० ग्रॅमचे पंधरा-पंधरा उंडे करावेत, आणि ते शक्यतो एकाच थरात मांडावेत. टिनच्या मधोमध बाहेरून तूप लावलेली स्टीलची छोटी वाटी सरळ ठेवावी आणि उंडे तिच्याभोवती रचावेत. वाटी तापते, मधला उंडाच राहत नाही, आणि ब्रेड कड्यासारखा होतो. वाढताना त्याच वाटीच्या जागी शेंगा चटणी मिसळलेले दही ठेवता येते. ही युक्ती केल्यापासून माझ्याकडे खऱ्या कच्चेपणाची तक्रार जवळजवळ संपली आहे, आणि तिला खर्च काहीच नाही.

ओटीजीचे, म्हणजे घरगुती विजेच्या ओव्हनचे, बटण १८० दाखवते म्हणून आत १८० अंशच असतात असे नाही. माझ्या ओव्हनमध्ये बटण १८० वर असताना आत ठेवलेला तापमापक २०० च्या वर गेला होता. वीस मिनिटे आधी ओव्हन तापवावा, वरच्या-खालच्या दोन्ही सळ्या चालू ठेवाव्यात, आणि जाळी अशा खाचेत लावावी की टिन नव्हे तर फुगलेल्या ब्रेडचा मध्य ओव्हनच्या मध्यावर येईल. टिन एक खाच वर राहिला की वरची सळी अगदी जवळ येते आणि पंधराव्या मिनिटालाच रंग चढतो. हवा तेवढा रंग आल्यावर वरून अॅल्युमिनियम फॉइल सैल पसरावी आणि मध्यभागी ९० अंश भरेपर्यंत भाजत राहावे. वरच्या मापाच्या एका टिनला १८० अंशांवर २५ ते २८ मिनिटे पुरतात. मध्येच वीज गेल्यास दार उघडू नये. तापलेला ओव्हन बराच वेळ उष्णता धरून ठेवतो, आणि वीज परत आल्यावर मिनिटे मोजण्यापेक्षा मध्याचे तापमान पाहावे.

येथे एक सूचना उन्हाळ्यासाठी विशेष महत्त्वाची आहे. घरगुती ओव्हनमध्ये दोन टिन एकावेळी बसत नाहीत. पहिला भाजला जात असताना दुसरा ओट्यावर ठेवला, तर अर्ध्या तासात तो आंबून जातो, आणि मग एकाच पिठाचा एक ब्रेड उत्तम आणि दुसरा खचलेला निघतो. हे कोडे मला पुष्कळ दिवस उलगडले नव्हते. दुसरा टिन भरल्याबरोबर झाकून फ्रिजमध्ये ठेवावा आणि पहिला टिन ओव्हनमध्ये जाण्याच्या सुमारे अर्धा तास आधी हा दुसरा टिन बाहेर काढावा. पाहुणे साडेसातला येणार असतील, तर पीठ चारला काढणे, पहिला टिन साडेपाचला आत घालणे आणि दुसरा सहाच्या सुमारास, ही वेळ मला सोयीची पडते.

बटर कोठे जाते

तिसरा दोष, म्हणजे उंड्यांच्या कडांवरचा ओशट चिकटपणा, याचे कारण प्रमाण आणि उष्णता या दोहोंत असते. बटरमध्ये सुमारे ८० टक्के स्निग्धांश आणि सुमारे १६ टक्के पाणी असते. मी पूर्वी ५०० ग्रॅम मैद्याला २०० ग्रॅम बटर भरत असे, म्हणजे ३० ग्रॅमहून अधिक पाणी नुसते उंड्यांच्या फटींमध्ये ओतत असे, शिवाय धुऊन न सुकवलेली कोथिंबीर आणि ओले मोझरेला चीज यांचे पाणी निराळेच. बटर ३२ ते ३५ अंशांच्या दरम्यान वितळते, आणि आपल्या खोलीचे तापमान त्याहून अधिक असते. नवी पेठेतून आणलेले बटर घरी पोहोचेपर्यंतच मऊ पडते. ते उंड्यांवर लावले की तेल होऊन तळाशी उतरते. मग वरचे उंडे कोरडे राहतात आणि खालचे बटरमध्ये तळल्यासारखे होतात. सासूबाईंनी एकदा टिन तिरका करून तळाशी साचलेले बटर मला दाखवले, तेव्हा हा उलगडा झाला.

आता मी दोन्ही टिन मिळून १०० ग्रॅमच बटर घेते. लसूण आणि कोथिंबीर कालवल्यावर ते फ्रिजमध्ये मलमाइतके घट्ट होऊ देते, आणि उंडे त्यात न बुडवता प्रत्येक उंड्याच्या एका बाजूला चमच्याच्या टोकाने लावते. यातले साधारण ७० ग्रॅम भरायला आणि ३० ग्रॅम भाजून झाल्यावर वरून लावायला ठेवावे. शेवटी लावलेल्या बटरचा वास आणि चव अधिक येते, त्यामुळे कमी केल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही. कोथिंबीर पंचावर पसरून पूर्ण सुकवावी आणि मोझरेला किसून कापडात हलके दाबावे. बटर खारट असल्याने पिठात ५०० ग्रॅमला ८ ग्रॅमच मीठ पुरे होते.

लसणाविषयी थोडक्यात सांगावेसे वाटते. कच्चा ठेचलेला लसूण थेट पिठात मळू नये. लसूण ठेचल्यावर त्यात तयार होणारे अॅलिसिन यीस्टला मारक असते, आणि ब्रेड न फुगण्याचे ते एक सहसा लक्षात न येणारे कारण आहे. तो केवळ बटरमध्ये असावा. बटर मंद आचेवर वितळवून किसलेला लसूण त्यात दोन-तीन मिनिटे रंग न बदलू देता परतावा. मग ओव्हनमध्ये तो करपून कडू होत नाही आणि कच्चा उग्रपणाही जातो. गावरान लसूण असेल तर १०० ग्रॅम बटरला सोललेला २५ ग्रॅम पुरतो. हे बटर आधी करून ठेवायचे असल्यास फ्रिजमध्येच ठेवावे आणि दोन-तीन दिवसांत संपवावे, कारण स्निग्ध पदार्थात बुडालेला लसूण खोलीच्या उष्णतेत राहिल्यास त्यात विषारी जिवाणू वाढण्याचा धोका असतो आणि तो वासावरून किंवा चवीवरून कळत नाही. पाहुण्यांत कांदा-लसूण न खाणारे जैन शेजारी असतील तर दुसऱ्या टिनला जिरे, कोथिंबीर आणि हिरवी मिरची घातलेले बटर लावावे, आणि त्यासाठी चमचा, वाटी व ब्रश वेगळा ठेवावा.

मऊ न राहणारा ब्रेड

ब्रेड चिकट नाही, पण गच्चीवर नेऊन वाढेपर्यंत कडक होतो, अशी तक्रार असल्यास मैद्याची खळ उपयोगी पडते. सुताला खळ देण्याची रीत सोलापूरकरांना सांगायला नको. तशीच पातळ खळ पिठासाठी करावी. ५०० ग्रॅममधलाच २५ ग्रॅम मैदा आणि पाण्याच्या मापातलेच १२५ ग्रॅम पाणी एकत्र करून मंद आचेवर ढवळत ६५ अंशांपर्यंत न्यावे. चमच्याने ओढल्यावर रेघ उमटू लागली की उतरवावे आणि पूर्ण गार करून उरलेल्या मैद्यात मळावे. एकूण पाणी आणि दूध मिळून ३०० ग्रॅमच ठेवावे, साखर २० ग्रॅम, पिठातले बटर ४० ग्रॅम आणि दूध पावडर १५ ग्रॅम घ्यावी. खळीतल्या स्टार्चने आधीच पाणी धरून ठेवलेले असल्याने ब्रेड दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो. उन्हाळ्यात खळ गार न करता घातली, तर वरचा तापमानाचा सगळा हिशेब कोलमडतो, हे मात्र विसरू नये.

भाजून काढल्यावर बटर लावून ब्रेड सोलापुरी सुती टॉवेलमध्ये सैल गुंडाळावा, म्हणजे कवच मऊ पडते आणि वाफही कोंडत नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवल्यास वाफेचे पाणी होऊन तळ पुन्हा ओला होतो, आणि खाणाऱ्याला तो कच्चाच वाटतो.

उरलेला ब्रेड फ्रिजमध्ये ठेवू नये, कारण तेथील तापमानात स्टार्च सर्वांत लवकर घट्ट होतो आणि ब्रेड शिळा पडतो. चीज घातलेले तुकडे उन्हाळ्यात रात्रभर बाहेरही ठेवता येत नाहीत, तेव्हा ते त्याच रात्री पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवावेत. खाताना गोठलेलेच तुकडे जाड तव्यावर मंद आचेवर मांडावेत, कडेने दोन चमचे पाणी सोडावे आणि झाकण घालून सहा-सात मिनिटे राहू द्यावेत. शेवटच्या मिनिटाला झाकण काढले की तळ पुन्हा खरपूस होतो.